चिमणीचे दात

डाव्या कोपऱ्याची तेजू सकाळच्या सरावाला उठली नाही, तेव्हा कुंदाताईंना वाटलं, गणिताचा पेपर आलाय, म्हणजे हिचं डोकं दुखणारच. माळशिंगीच्या मुलींच्या कबड्डी वसतिगृहात गणिताच्या पेपरला निम्म्या संघाचं डोकं दुखायचं, आणि भूगोलाला उरलेल्या निम्म्याचं. त्या तरातरा आत गेल्या, खिडकीचा पडदा ओढला. तेजू उजेडाला पाठ करून कण्हली.

"ताई, मान वळंना झालीय."

पांघरुणाबाहेर आलेल्या पोटरीवर जांभळट ठिपके होते. कुंदाताई आधी कबड्डी खेळल्या होत्या, मग शिकवायला लागल्या. पडल्याचा, आपटल्याचा, ओरबाडल्याचा डाग त्या लांबूनच ओळखायच्या. हे डाग त्यांच्या ओळखीचे नव्हते. त्यांनी पोरीला पांघरुणासकट उचललं आणि जीपमध्ये घातलं.

मेंदूज्वर निघाला. वेळेत आणली म्हणून वाचेल, असं जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. कानांचं मात्र आत्ताच काही बोलता येणार नाही. तेजूची आई, सुरेखा पाटोळे, अतिदक्षता विभागाच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. ती वळून एवढंच म्हणाली, "हे तिला कुणी दिलं?"

कुंदाताईंना वाटलं, बाई दुःखानं काहीतरी बोलतेय. या प्रश्नाला उत्तर देणारं यंत्र निघालंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

यंत्र दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आलं. त्याच्यासोबत तालुक्याचे साथरोग अधिकारी डॉक्टर मुजावर आले. दाराएवढी पांढरी चौकट. तिचं सरकारी नाव एवढं लांब होतं, की ते पुरतं उच्चारेस्तोवर जंतू शेजारच्या गावात पोचावा. लोक तिला उंबरा म्हणत. उंबऱ्यात उभं राहायचं आणि एका दमात जमेल तेवढं बोलायचं. चौकटीतली बारीक भोकं हवा ओढून घेत, श्वासातले कण चाळत, आणि घशात कोण मुक्कामाला आहे ते वाचत.

"काय बोलू?" पहिल्या मुलीनं विचारलं.

"काहीही. पाढे म्हण."

"पाढे नको, डॉक्टर," मंजी म्हणाली. "यंत्र आजारी पडंल."

मंजी म्हणजे मंजिरी तुपे, संघाची कर्णधार. ती चढाईला आली की समोरच्या सातजणी नकळत एक पाऊल मागं घेत. तिनं मांडीवर थाप मारली, उंबऱ्यात शिरली आणि दम धरून कबड्डी कबड्डी सुरू केली. मग सगळ्याच मुली तशा शिरायला लागल्या, जणू यंत्रावर चढाई करून माघारी येतायत. कुंदाताई हसल्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की इथं बाद कोण झालं ते पंच सांगणार नाही, दिवा सांगणार आहे. हिरवा की तांबडा.

डॉक्टर मुजावर वयानं लहान, दाढी नीट कोरलेली, आवाज मात्र शाळामास्तराचा. त्यांनी मुलींना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि समजावून सांगितलं.

"हा जंतू दहातल्या एखाद्याच्या नाकाच्या मागं, घशात राहतो. भाडेकरूसारखा. काही महिने राहतो, निघून जातो. घरमालकाला पत्ताही लागत नाही. पण जवळच्या श्वासातून, लाळेतून तो दुसऱ्याच्या घशात जातो, तिथून तिसऱ्याच्या. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या नशिबी तो घशातून रक्तात उतरतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. मग हातात दिवस नसतात, तास असतात."

"आम्हाला लस टोचलीय की," मंजी म्हणाली.

"ती चार जातींवर चालते. ही वेगळी जात आहे. हिच्यावरची लस मागवलीय, पण ती येऊन अंगात मुरेपर्यंत वेळ जाईल. तोवर वाट बंद करायची. वाट कुठून कुठं जाते ते उंबरा सांगतो." डॉक्टरांनी खडू घेऊन फरशीवरच ठिपके काढले. "एकीच्या दारातली रांगोळी दुसरीनं बघून काढली, की एखादा ठिपका चुकतो. तिसरीनं दुसरीची बघून काढली, तर तो चुकलेला ठिपका तसाच येतो, वर नवा एक चुकतो. जंतू स्वतःची नक्कल काढतो तेव्हा असाच चुकतो. चुका जुळवल्या, की कुणाची रांगोळी कुणावरून उतरली ते कळतं. त्याची वेल काढता येते. वेलीच्या बुडाशी असतो तो मूळ वाहक."

पूर्वी एक रुग्ण सापडला की जवळपासच्या सगळ्यांना गोळ्या देत. त्या इतक्या वाटल्या गेल्या, की जंतू गोळ्यांना सरावले. म्हणून आता नियम कडक होता: उंबऱ्यात तांबडा दिवा लागला त्याला गोळी, आणि त्या माणसाचं उष्टं ज्यानं खाल्लं असेल त्यालाही उंबऱ्यात आणायचं. बाकी कुणाला नाही.

"वरून आलेल्या प्रश्नात 'लाळेशी संपर्क' असं होतं," डॉक्टर जरा फुशारकीनं म्हणाले. "ते विचारलं की बायका अशा बघायच्या, जणू मी त्यांच्या अंगावरच थुंकलोय. मी तिथं 'उष्टं' घातलं. एका शब्दात काम झालं. आता सांगा, एकमेकींचं उष्टं खाता?"

"नाही," सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या आणि कुंदाताईंकडं पाहिलं.

कुंदाताईंची मान ताठ झाली. त्यांच्या वसतिगृहात प्रत्येकीच्या बाटलीला वेगळ्या रंगाची फीत होती, आणि तीही तोंडाला न लावता वरून पाणी प्यायचं. ताटातला घास दुसरीला भरवताना कुणी दिसली, तर दोघींना मैदानाला फेऱ्या. तेजूची आई एकदा लाडू घेऊन आली होती आणि तिनं अर्धा खाऊन अर्धा लेकीला दिला, तर कुंदाताईंनी तिलाही सुनावलं होतं.

"उष्टं नाही, डॉक्टर. इथं तर नाहीच."

त्यांनी स्वतःही उंबऱ्यात चढाई केली. दिवा हिरवा.

"हल्ली काही औषधं घेतलीत का, ताई?"

"गुडघ्याला तेल लावते," कुंदाताई म्हणाल्या. तेजू आजारी पडायच्या जरा आधी लघवीला जळजळ होत होती म्हणून त्यांनी बाजारपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडून गोळ्या आणून संपवल्या होत्या. पण ते या तरण्या पोराला, एवढ्या मुलींच्या देखत, काय सांगायचं? आणि त्याचा घशाशी संबंध काय?

संध्याकाळी वेल तयार झाली. भिंतीवर तिचं चित्र पडलं. तेजू धरून सहा मुली तांबड्या, आणि सगळ्या मुख्य संघातल्या. राखीव मुली त्याच खोलीत झोपत, त्याच मॅटवर घाम गाळत, त्यांच्यात एकही तांबडी नाही. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "हे काही मला नीट बसत नाही," ते म्हणाले. पण यंत्राला बसलं होतं. सगळ्या फांद्या जिथं येऊन मिळत होत्या, तिथं एक वर्तुळ होतं आणि त्यात नाव होतं. मंजिरी तुपे.

"म्हणजे तेजूला मंजीनं दिला?" कुंदाताईंनी विचारलं.

"मंजिरीची रांगोळी मुळाच्या सगळ्यात जवळ आहे. यंत्राला बुडाशी कुणीतरी लागतं. जागा रिकामी ठेवता येत नाही त्याला."

"यंत्राला येत नाही, का तुम्हाला?"

डॉक्टरांनी नियम सांगितला, तोही दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मूळ वाहकानं औषध घेऊनही एक हंगाम कुठल्याही वसतिगृहात किंवा शिबिरात राहायचं नाही. रुग्णाच्या घरच्यांना मूळ वाहकाचं नाव जाणून घ्यायचा हक्क आहे. निरोप आपोआप जातो. तो गेला होता.

आणि पुढच्या आठवड्यात राज्याच्या संघाचं शिबिर होतं. माळशिंगीतून शिबिराला निवड झालेली पहिली पोरगी म्हणजे मंजी.

सकाळी मंजी सामानाच्या खोलीत, फुटक्या मॅटच्या गुंडाळीवर बसलेली होती. रात्रीतून तिच्या दोन्ही बाजूंच्या खाटा सरकल्या होत्या.

"तेजूच्या आईचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

"ऐकण्यासारखं नव्हतं. मी पूर्ण ऐकलं." मंजी मॅटचा धागा उपसत राहिली. "ताई, मी तिला काय दिलं? पकडीला तिचा हात धरते मी. मॅटवर एकमेकींच्या तोंडावर श्वास सोडतो, ते सगळ्याच सोडतो. ह्या राखीवच्या पोरी काय नाक बांधून खेळतात?"

"डॉक्टरांनाही तेच कळंना झालंय."

"शिबिराला नाही जायचं, ते ठीक. पुढच्या वर्षी जाईन. पण तेजूला ऐकू आलं नाही तर? ती डाव्या कोपऱ्यात, मी तिला हाक मारून सांगते, आत ये, बाहेर जा. ती माझ्या आवाजावर खेळते, ताई. आता माझ्याच तोंडातून..." तिनं वाक्य अर्धं सोडलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला घरी न्यायला टेम्पो कधी येणार? आई भाकरी बांधून देते का विचारतीय. तिला वाटतंय शिबिरालाच चाललेय."

कुंदाताईंनी गळ्यातल्या नॅपकिननं उगाच तिच्या ट्रंकेवरची धूळ झटकली आणि बाहेर आल्या.

वसतिगृहाचं फाटक बंद होतं. बाहेर तारेच्या कुंपणाला दोन पोरी लटकल्या होत्या. गावातल्या लहान मुलींचा एक गट रविवारी कुंदाताईंकडं शिकायला यायचा. सगळे त्यांना चिमण्या म्हणत. चिमण्या वसतिगृहात राहत नव्हत्या, म्हणून उंबऱ्याच्या हिशेबात त्या नव्हत्याच.

"ताई, सराव कधी?"

"नाही सराव. लांब उभ्या राहा."

"मंजीताईला गोळी द्यायची होती," त्यातली मोठी म्हणाली. तिनं लिमलेटची गोळी फ्रॉकच्या टोकात गुंडाळली, दातांखाली धरून कडकन फोडली, आणि अर्धा तुकडा तारेतून पुढं केला. "घ्या की. उष्टी नाही. चिमणीच्या दातांनी तोडलीय."

कुंदाताईंनी हात पुढं केलासुद्धा. सवयीनं. मग त्यांची नजर फ्रॉकच्या टोकावर गेली. तिथं लाळेचा ओला डाग होता, गोळीचा केशरी रंग त्यात पसरलेला. तो डाग तुकड्यालाही लागून चकाकत होता.

त्यांचा हात गळ्यातल्या नॅपकिनकडं गेला.

प्रत्येक सामन्याआधी कुंदाताई एक लिमलेटची गोळी घ्यायच्या, ती नॅपकिनच्या टोकात धरायच्या आणि चिमणीच्या दातांनी तिचे सात तुकडे करायच्या. तुकडे कसले, कणच. सातजणींच्या जिभेवर एकेक ठेवायच्या. एका गोळीवर सातजणी, म्हणजे सात जणी एक. त्यांच्या शाळेतल्या बाईंनी त्यांना तसंच शिकवलं होतं. राखीव मुलींना गोळी नसे. राखीव मुली त्या गोळीसाठी तर मरमर खेळायच्या.

आणि हे उष्टं नव्हतं. मधे कापड होतं ना. उष्टं नको म्हणूनच तर चिमणी होती.

"ईशू कुठाय?" त्यांनी विचारलं. गेल्या रविवारी चिमण्यांचा सामना झाला होता. ईशू पहिल्यांदा खेळली होती आणि तिला जिभेवर कण मिळाला, तेव्हा तिनं तोंड संध्याकाळपर्यंत मिटून ठेवलं होतं. विरघळू नये म्हणून.

"ती आली नाही. शाळेत उलटी झाली तिला. ऊन लागलंय म्हणं."

कुंदाताईंनी हाक मारली, ती मॅटवर मारायच्या तशी. डॉक्टर मुजावर चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले.

"डॉक्टर, लहानपणी गोळी चिमणीच्या दातांनी तोडून खाल्लीय का कधी?"

"म्हणजे काय. आम्ही तर पेरूसुद्धा..." बोलता बोलता ते थांबले. त्यांनी कुंपणापलीकडच्या फ्रॉककडं पाहिलं, मग कुंदाताईंच्या नॅपकिनकडं. कप कठड्यावर ठेवायला गेले तो नीट टेकला नाही, पडला. "उष्टं," ते म्हणाले. "मी उष्टं विचारलं. आणि त्याला कुणी उष्टं म्हणत नाही. मीही नाही म्हणत."

"पेटी घ्या. आधी ईशूकडं जायचंय."

जीप गावात शिरली तेव्हा शाळा सुटत होती. वाट काढताना कुंदाताईंनी एवढा हॉर्न वाजवला, की एका म्हाताऱ्यानं जीपलाच काठी मारली. ईशूची आई रुपाली दारात शिलाई मशीन घेऊन बसली होती. दोघांना बघून तिचा पाय पायट्यावर थांबला.

"झोपलीय हो आत्ताच. उन्हाचं लागलंय. तळपायाला कांदा चोळलाय."

"रुपाली, जरा बघू दे फक्त."

पोरगी भिंतीकडं तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. डॉक्टर खाली बसले. मऊ आवाजात म्हणाले, "ईशू, गुडघ्याला पापी दे बघू."

ईशूनं डोळे उघडले. मान पुढं घ्यायला गेली आणि किंचाळली. मान लाकडासारखी तशीच राहिली.

"पाण्याचा पेला आणा," डॉक्टर म्हणाले. "काचेचा."

रुपालीला वाटलं, त्यांना तहान लागली. तिनं भरून आणला. डॉक्टरांनी पाणी ओतून दिलं आणि ईशूच्या मांडीवर दोन बारीक ठिपके होते, त्यांवर पेला दाबून धरला. साधं पुरळ काचेखाली दाबलं की फिकं होतं. काचेतून ठिपके तसेच दिसत होते, जांभळे, ठाम.

"डाग आहे का काही?" रुपालीनं विचारलं. मग तिला दोघांच्या चेहऱ्यांवरून कळलं आणि तिनं ईशूचा हात धरला. डॉक्टरांनी तिथंच, शिलाईच्या कापडांवर पेटी उघडून, पहिलं इंजेक्शन दिलं. मग पेटी मिटली आणि ईशूला उचलून जीपकडं निघाले.

जीपमध्ये ईशू आईच्या मांडीवर होती. कुंदाताई गाडी चालवत होत्या आणि मागं वळून बघायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत होत्या. वाटेतल्या उसाच्या ट्रॉल्या, म्हशी, पूल, सगळं त्यांना मॅटवरच्या सातजणींसारखं आडवं येत होतं. एकदा रुपाली म्हणाली, "बोलत नाही हो ही." पुढं जरा वेळानं म्हणाली, "हुंकार दिला." मग रुग्णालयाचं फाटक दिसलं.

त्याच दुपारी उंबरा गावातल्या मारुतीच्या पारावर नेला. चिमण्या पाढे म्हणत त्यातून गेल्या. आणखी दोघी तांबड्या निघाल्या. त्यांना औषध मिळालं, आणि ज्यांनी ज्यांनी त्यांच्याबरोबर लिमलेट वाटून खाल्लं त्यांनाही उंबऱ्यात आणलं. प्रश्न आता डॉक्टर वेगळा विचारत होते. "चिमणीच्या दातांनी काही तोडून खाल्लं का?" आणि प्रत्येक घरातून हात वर होत होते. आयांचे, मावश्यांचे, आज्यांचे. कुणी पेरू, कुणी चिंच, कुणी गूळ. सगळे जण हसत सांगत होते. डॉक्टर हसत नव्हते.

संध्याकाळी जिल्ह्याहून फोन आला. ईशू शुद्धीवर आहे. वेळेत आली. तेजू अतिदक्षता विभागातून बाहेर आलीय, तिचा उजवा कान गेलाय, डावा चांगला आहे.

कुंदाताईंनी फोन ठेवला आणि जेवणाच्या खोलीत, भिंतीवरच्या वेलीसमोर बसल्या. डॉक्टर यंत्राशी काहीतरी खटपट करत होते.

"मला जळजळीचा त्रास झाला होता," कुंदाताई भिंतीकडं बघत म्हणाल्या. "लघवीच्या. रविवारच्या सामन्यानंतर गोळ्या घेतल्या होत्या. तेव्हा सांगितलं नाही तुम्हाला."

"नाव सांगा गोळीचं."

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटले. "हीच गोळी आम्ही वाहकांना देतो, ताई. घसा झाडून स्वच्छ करते. म्हणून तुम्ही हिरव्या."

"म्हणजे वेलीच्या बुडाशी मी."

"असाल. मंजिरीच्या रांगोळीतला एक चुकलेला ठिपका इतरांत नाही. म्हणजे त्यांचं तिच्यावरून आलेलं नाही. तिचं आणि त्यांचं, दोन्ही आणखी कुठून तरी आलंय. हे मला कालच दिसायला हवं होतं." त्यांनी खुर्ची ओढली. "पण पुरावा नाही. तुमच्या घशात आता काही सापडणार नाही, कापडावरही तो जंतू फार वेळ जगत नाही. मी यंत्राला 'अज्ञात' म्हणून बघितलं, ते घेत नाही. एक नाव मागतं. ते नाव लिहिलं की हंगामभर वसतिगृह बंद त्याला. घरच्यांना निरोप. मंजिरीचं नाव काढायचं तर..." ते थांबले. "हे तुम्हाला करायलाच हवं असं नाही. मी वर भांडतो. महिना लागेल, दोन लागतील."

"शिबिर पुढच्या आठवड्यात आहे."

"हो."

"मी साफ आहे, आणि तरी मला बाहेर काढणार?"

"नियम यंत्रापेक्षा मठ्ठ आहे."

कुंदाताई बघत राहिल्या. मुलींच्या बाटल्या फळीवर ओळीनं होत्या, रंगीत फितींच्या. हंगामभर म्हणजे जिल्ह्याचे सामने, विभागाचे सामने. संस्थेचे लोक नवी बाई आणतील. नवी बाई चांगली निघाली तर? त्यांना त्या न पाहिलेल्या बाईचा रागही येऊन गेला. आणि पाटोळ्यांची सुरेखा. ती काय म्हणेल ते मंजीनं आधीच ऐकून ठेवलं होतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "कुंदा यशवंत घोरपडे. आणि तेजूच्या आईला निरोप यंत्रानं नको. मी जाते."

सुरेखा पाटोळे रुग्णालयाच्या पायरीवर डबा धुवत होती. कुंदाताईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. गोळी, नॅपकिन, सात तुकडे, सगळं. सुरेखानं डबा पालथा घातला, झाकण पालथं घातलं, मग चमचा.

"माझा अर्धा लाडू तुम्ही तिच्या हातातून काढून घेतला होता," ती म्हणाली. "उष्टा म्हणून."

"हो."

"आणि मी त्या मंजीला काय काय बोलले. यंत्राचा निरोप आला, तसं लगेच फोन लावला. पोरगी एक शब्द उलट बोलली नाही." सुरेखानं पदरानं हात पुसले. "तुम्हाला काय बोलायचं ते मला आज सुचत नाही, घोरपडेबाई. कदाचित उद्या सुचेल. मग ऐकायला या."

"येते."

"आधी त्या पोरीचा नंबर लावून द्या. माझ्या फोनवरनं ती उचलायची नाही."

कुंदाताईंनी स्वतःचा फोन पुढं केला आणि थोडं लांब जाऊन उभ्या राहिल्या. सुरेखा काय बोलली ते त्यांना ऐकू आलं नाही. आतून तेजूचा आवाज आला, नको एवढा मोठा. ज्याला स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नाही तो बोलतो तसा. "आई, मंजी हाय का? तिला सांग, इथून पुढं माझ्या डाव्या अंगानं ओरडायचं."

शिबिराची बस सकाळी फाटकाशी आली. कुंदाताई फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या होत्या. रस्ता ओलांडला की वसतिगृहाची हद्द. चिमण्या कुंपणावर होत्या. मंजी ट्रंक बसवर चढवून खाली उतरली, रस्ता ओलांडून आली आणि सवयीनं तोंड उघडून उभी राहिली.

कुंदाताईंनी खिशातून गोळी काढली. कागदात गुंडाळलेली, आख्खी. तिच्या तळहातावर ठेवली.

"आख्खी?" मंजी म्हणाली. "आख्खी खाऊन कधी जिंकलोय का आपण?"

"मग अर्धी थुंकून टाक."

मंजीनं गोळीकडं पाहिलं, बसकडं पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती खाली बसली, गोळी कागदासकट दगडावर ठेवली आणि दुसऱ्या दगडानं ठेचली. कागद उलगडला. त्यातला मोठा तुकडा तिनं कुंदाताईंसमोर धरला.

"घ्या. दगडानं फोडलीय. चिमणीनं नाही."

कुंदाताईंनी तो जिभेवर ठेवला. दगडाची बारीक कचकच लागली. बस निघाली, चिमण्या आरडाओरडा करत कुंपणाच्या कडेनं धावल्या. कुंदाताई तोंड मिटून तिथंच उभ्या राहिल्या, तुकडा विरघळेपर्यंत.